पावशीला मूठ नसते

डिसेंबरातली सकाळ होती. ओट्यावर सांबाराच्या आठ जुड्या धुऊन, निथळून फडक्यावर पसरल्या होत्या. सांबार म्हणजे आमच्या नागपुरात कोथिंबीर, आणि थंडी पडली की घरोघरी सांबारवडी होतेच. वडीच्या सारणाला सांबार बारीक चिरावा लागतो. मिक्सरमधून काढला तर पाणी सुटतं आणि वडी तळताना फुटते. म्हणून आई चिरत होती. पंच्याहत्तरीच्या वयात, उभ्याने, ओट्याला टेकून.

खरं तर ती सुरीशी झगडत होती. प्लास्टिकची गुळगुळीत मूठ, ती पात्याला धरून ठेवणाऱ्या दोन रिपिटांपैकी एक सैल, वर तिने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून रबर लावलेलं. चार-पाच काप झाले की पातं कलंडायचं. मग ती थांबायची, डाव्या हाताने सुरी सरळ करायची आणि पुन्हा चिरायला लागायची. मी शेजारी वडीच्या पारीची कणीक मळत होते. मनात काय आलं कोण जाणे, एक लांबट गोळा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "सुरी धरतेस ना, तसा धर. आणि दाब."

तिने दाबला. गोळ्यावर खाचा उमटल्या. तर्जनीची खोल, मधल्या बोटाची त्याहून खोल, अनामिकेची नावापुरती. करंगळीची उमटलीच नाही. संधिवाताने तिची शेवटची दोन बोटं पुरती मिटत नाहीत हे डॉक्टरांच्या कागदावर मी कितीदा वाचलं होतं. त्या गोळ्यावर ते पहिल्यांदा बोटाने चाचपलं.

गोळा मी डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला. त्या दिवशी सांबार मीच चिरला.

आईने आयुष्यभर भाजी चिरली ती पावशीवर. पुण्यामुंबईकडे जिला विळी म्हणतात ती आमची पावशी. जमिनीवर बसायचं, एक पाय पाटावर दाबून ठेवायचा, आणि दोन्ही हातांनी भाजी पात्याकडे न्यायची. पातं जागचं हलत नाही, हलते ती भाजी. आई पावशीवर बसली की भेंड्यांच्या चकत्यांचा पाऊस पडायचा, आणि त्या वेळी तिचं लक्ष दाराबाहेर कोण चाललंय याकडे असायचं. पावशीला मूठ नसते. तिची मूठ म्हणजे बाईचा पाय, मांडी, अख्खं बसलेलं शरीर.

मग गुडघे गेले. खाली बसणं बंद झालं आणि पावशी ओट्याखाली गेली. साठ वर्षं ज्या हाताने भाजी धरली, त्या हातात आम्ही एक दिवस सुरी दिली, तीही बाजारातली कुठलीही, आणि गृहीत धरलं की जमेलच. हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे सुरी घेताना सगळे धार बघतात, अंगठ्याचं नख पात्यावर आडवं टेकवून बघतात. मूठ हातात नीट घेऊन, डोळे मिटून, मनगट वळवून बघणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. धार तर कुठलाही धारवाला पाच मिनिटांत लावून देतो. मूठ चुकली तर माणूस वर्षानुवर्षं चुकीचं धरत राहतो आणि दोष हाताला देतो.

मुठी करायला मी त्याच्या आधीच्या वर्षी लागले होते. सुरुवात लाकडापासून झाली. महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीत मावशीच्या घराशेजारचा वाडा पाडला, आणि तिच्याकडे जाताना हातगाडीवर त्याच्या चौकटी, कड्या, खिडक्यांचे गज बांधून चाललेले दिसले. गाडीवाल्याला विचारलं, हे कुठे? म्हणाला, जाळायला. किलोवर तोलून जाणार होतं. मी चौकटीचा एक तुकडा उचलून पाहिला आणि तो हातातून सोडवेना. वरून चुना, खाली हिरव्या ऑइलपेंटचे थर, पण मोडलेल्या टोकाशी आतलं लाकूड मधासारखं पिवळं होतं. सागवान. नाकाशी नेलं तर जुन्या चामड्यासारखा, किंचित तेलकट वास आला. इतक्या वर्षांनी!

हे आमच्याच जंगलांचं लाकूड. आलापल्ली, बल्लारपूर इकडचं. दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान लागलं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, २०२३ मध्ये त्याची मिरवणूक निघाली, पूजा झाली. त्याचंच भावंड महालाच्या गल्लीत सरपणाच्या भावाने चाललं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं. शंभरेक वर्षं ज्याने भिंत पेलली, वाळवीला दाद दिली नाही, ते एका थंडीच्या रात्री शेकोटीत संपणार. त्या दिवशी मी दोन चौकटींचे तुकडे ऑटोत घालून घरी आणले.

जुन्या लाकडावर करवत चालवण्याआधी ते तपासावं लागतं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, आणि त्या चौकटीवरचा रंग माझ्या जन्माच्याही आधीचा असेल. तो पॉलिश पेपरने घासायचा नाही, धूळ उडते. ओला करून खरवडायचा, खरवड कागदात गुंडाळून वेगळी टाकायची, आणि वरचा बोटभर थर करवतीने काढूनच टाकायचा. दुसरं म्हणजे खिळे. जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक मी दोरीला बांधून लाकडावरून फिरवते. दोरी जिथे ओढली जाते तिथे खडूची खूण.

एका तुकड्यात असा एक खिळा निघाला. हाताने घडवलेला, चौकोनी, डोकं चपटं. खिळा निघाला, पण त्याच्याभोवती लाकडात निळसर काळं वलय राहिलं, काजळ पाण्यात पसरावं तसं. लोखंड गंजत जातं आणि लाकडातल्या टॅनिनशी त्याचा संयोग होऊन काळा रंग धरतो. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर होत असे. ते वलय पिवळ्या रेषांमधून वाहत गेलं होतं, धान्याच्या शेतात ओढा जावा तसं. तो तुकडा मी बाजूला ठेवला. पुढे आईच्या मुठीत तोच लागला. तिने मूठ हातात घेऊन वलयावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "हा चौकटीच्या वरच्या बाजूचा होता का?" मी म्हटलं, हो, वरच्याच आडव्या लाकडाचा. "मग तोरणाचा खिळा आहे," ती म्हणाली. असेल. त्या घरातल्या बायकांना ती ओळखत नव्हती.

पहिली मूठ मात्र आईची नव्हती, माझ्याच सुरीची होती, आणि ती बिघडली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री आहेत. करवत कशी धरायची, कानस कुठल्या दिशेने चालवायची हे त्यांनीच शिकवलं. मी ती मूठ ऑगस्टात केली, ऐन पावसात. सुरीचं पातं मागे मुठीतून जिथे आरपार जातं त्या पट्टीला मिस्त्री शेपूट म्हणतात. शेपटीच्या दोन्ही अंगांना सागवानाच्या फाका, मध्ये चिकटवायला एराल्डाइट, तीन पितळी रिपिटं. पितळेची सळई इतवारीच्या लोहा ओळीतून आणलेली. घासून घासून लाकूड आणि पोलाद असं एकसारखं केलं की डोळे मिटून बोट फिरवलं तर कुठे लाकूड संपतं आणि कुठे पोलाद लागतं ते कळू नये. मला त्या मुठीचा इतका आनंद झाला होता की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात मी सुरी द्यायची. मिस्त्रींच्याही दिली. त्यांनी बोट फिरवलं, मान डोलावली आणि म्हणाले, "ताई, लाकूड आता पानी पेऊन राह्यलं. मे मयन्यात पाहजो."

मे महिना आला. पारा पंचेचाळिशीला टेकला, खसाच्या ताट्यांवर पाणी टाकत कूलर दिवसरात्र चालू होते. एका दुपारी कांदा चिरताना तळहाताला काहीतरी टोचलं. पाहिलं तर शेपटीची कड लाकडाच्या वर आली होती. नखाने अडकावी एवढी, पण मुठीच्या सबंध लांबीभर, आणि दोन्हीकडे. पोलाद जागेवरच होतं. लाकूड आत गेलं होतं.

नंतर मी हे समजून घेतलं. लाकूड तोडलं, वाळवलं, शंभर वर्षं भिंतीत राहिलं, तरी हवेतली ओल ते घेत राहतं आणि सोडत राहतं. नागपुरात ऑगस्टात हवा पाण्याने जड असते, आणि मेमधल्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. या दोन टोकांमध्ये लाकूड फुगतं, आक्रसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र हलतं, आणि रुंदीतही सगळीकडे सारखं नाही. ओलं सागवान पूर्ण कोरडं होईपर्यंत गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत सुमारे अडीच टक्के आक्रसतं, आणि वार्षिक वलयांच्या कडेने जाणाऱ्या दिशेत जवळजवळ सहा टक्के. दुपटीहून जास्त. माझी फाक नेमकी चुकीच्या दिशेने कापलेली होती. पंचवीस मिलिमीटरच्या रुंदीत पाव मिलिमीटरचा फरक पडला असेल. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण तळहाताला पाव मिलिमीटरची पोलादी कड चांगली कळते.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. फाक अशी कापते की तिच्या टोकाकडून पाहिलं तर वलयांच्या रेषा मुठीच्या जाडीच्या दिशेने जाव्यात. म्हणजे जास्त हलणारी बाजू जाडीत जाते, तिथे शेपटीची कड नसते. आणि मूठ बसवते ती होळीनंतर, हवा कोरडी झाली की. तेव्हा बसवलेलं लाकूड पावसात थोडं फुगून पोलादाच्या किंचित वर येतं, आणि हाताला लाकूड लागलेलं चालतं. त्याआधी फाका महिनाभर घरातच ठेवायच्या आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलायच्या. दोन आठवडे वजन तेच राहिलं की समजायचं, लाकूड या घरच्या हवेला रुळलं.

आणखी एक सागवानाचं. त्याच्या अंगातलं तेल हेच त्याचं वाळवीपासूनचं संरक्षण, पण तेच तेल एराल्डाइटला धरू देत नाही. चिकटवण्याच्या अगदी आधी फाकेची आतली बाजू ताज्या पॉलिश पेपरने घासायची आणि अॅसिटोनच्या बोळ्याने पुसायची. बोळा पिवळा होतो. नवा घ्यायचा, पुन्हा पुसायचं.

लाकडाची गोडी लागली की लोक लाकूड आणून देऊ लागतात. काटोलकडच्या एका नातेवाइकांनी मोडक्या बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक दिलं. गावात बंड्यांना आता रबरी टायर लागले, लाकडी चाकं गोठ्यामागे पडून असतात. त्या चाकाचे आरे बाभळीचे होते. बाभळीवर कानस चालवणं म्हणजे रोज थोडी शरणागती. सागवान कानशीखाली लोण्यासारखं येतं, बाभूळ दगडासारखं अडून बसतं, पण एकदा घासून झालं की विटकरी, घट्ट, थंड असा जो स्पर्श येतो तो मला सागवानाहूनही आवडतो. आऱ्याची जाडी मुठीला जणू मापानेच घडवलेली. कुण्या सुताराने तो ओझं पेलायला सरळ रेषांचं लाकूड निवडून तासला होता, मला निवडण्याचं कामच राहिलं नाही.

शिसवीच्या पलंगाचा एक पाय मिळाला, त्याच्या दोन मुठी झाल्या. शिसवीचा भुसा गोडसर वासाचा आणि जांभळट असतो, हुंगत बसावासा वाटतो. पण हुंगू नये. माझ्या मनगटांवर आठवडाभर पुरळ राहिली. कुठल्याही लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना वाईटच. तेव्हापासून मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय मी गच्चीवर कामाला बसत नाही.

एक लाकूड मी परत केलं. कुणीतरी रेल्वेचा जुना स्लीपर आणला. २०१९ मध्ये बंद झालेल्या नागभीडच्या छोट्या गाडीच्या रुळांखालचा, असं आणणाऱ्याचं म्हणणं. लहानपणी मीही त्या गाडीने गेले आहे, त्यामुळे मन फार ओढलं. पण करवतीचा पहिला दात लागला आणि डांबराचा उग्र वास आला. स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांत क्रिओसोट मुरवतात. ते कोळशाच्या डांबरापासून निघतं, विषारी असतं, आणि लाकडात खोलवर उतरतं, वरून कितीही तासलं तरी. स्वयंपाकघरात ते नकोच, चुलीतही नको. आठवण कितीही गोड असली तरी जे भाजीला लागणार त्यात ती चालत नाही. मी तो तुकडा पुन्हा शिवला नाही.

आईच्या मुठीला त्या डिसेंबरानंतरच्या मार्चमध्ये हात घातला. फ्रीजमधला गोळा कडक, करडा झाला होता, कडांना चिराही गेल्या होत्या, पण खाचा होत्या. दोरा गुंडाळून घेर मोजला, कागदावर बाह्याकृती काढली. बाजारातल्या मुठींपेक्षा तिला बरीच जाड मूठ हवी होती. ज्या बोटांना पूर्ण मिटता येत नाही, त्यांना पकडायला जाड वस्तूच सोयीची. बारीक मूठ धरायला जोर लागतो आणि सांधे दुखतात. अनामिका आणि करंगळीच्या जागी मी मूठ अजून फुगवली, म्हणजे बोटांनी लाकडाकडे जाण्याऐवजी लाकूड बोटांकडे यावं. आणि काप गोल ठेवला नाही, अंड्यासारखा ठेवला, निमुळती बाजू धारेकडे. गोल मूठ हातात फिरते. अंडाकृती मूठ धरली की धार कुठे आहे हे न पाहताच कळतं. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं.

तेल मी घाण्यावरचं जवसाचं लावलं. जवस विदर्भातलंच पीक, त्याची चटणी आम्ही खातोच, त्यामुळे भाजी चिरणाऱ्या हाताला ते लागलं तर काही बिघडत नाही. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल लवकर वाळतं, पण ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते मला नको. कच्च्या तेलाला वेळ लागतो. चोळायचं, पंधरा मिनिटांनी पुसायचं, तीन-चार दिवस ठेवायचं, पुन्हा चोळायचं. असे पाच हात. एक गोष्ट कळकळीने सांगते. पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेशी संयोग होऊनच वाळतं, त्यात उष्णता निघते, आणि घडी पडलेल्या चिंध्यांत ती साठत जाऊन त्या आपोआप पेट घेऊ शकतात. आमच्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. चिंध्या दोरीवर एकेक सुट्या वाळत घालायच्या किंवा पाण्यात बुडवून मग टाकायच्या.

आईने सुरी हातात घेतली तेव्हा काही बोलली नाही. एक कांदा घेतला, अर्धा केला, उभे काप दिले. पातं कलंडलं नाही. तिने हात वर उचलून मनगट वळवलं, सुरी उलटीसुलटी केली, पुन्हा धरली. मग दुसरा कांदा घेतला. भाजीला एकच कांदा लागत होता. तिने चार चिरले.

तिची चिरण्याची तऱ्हा अजूनही पावशीचीच आहे. सुरी जवळजवळ एका जागी धरते आणि भाजी पुढे सरकवते. आधी मी तिला शिकवायला जायची, असं नाही, असं. आता शिकवत नाही. मुठीचं पुढचं टोक मी थोडं खाली वळवून दिलं आहे, म्हणजे पातं फळीवर टेकून राहतं आणि भाजी त्याच्याकडे जाते.

या वर्षीच्या मेमध्ये ती मूठ तीन वर्षांची झाली. एका दुपारी मी ती उजेडात धरून तपासली, सांध्यावरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. तोरणाच्या खिळ्याचं वलय तेलाने आणि हाताच्या घामाने अजून गडद झालं आहे. पण आईला ती आता नीट धरता येत नाही. या तीन वर्षांत मधलं बोटही मिटेनासं झालं, अंगठा मुळाशी सुजतो. सुरी पुन्हा फिरायला लागली. परवा पाहिलं तर मुठीवर चिंधी बांधलेली होती, वर रबर.

गच्चीवर बाभळीच्या आऱ्याचा एक तुकडा उरला आहे, जाडजूड. महिनाभरापासून घरात आणून ठेवला आहे, दर रविवारी तोलते. काल संध्याकाळी कणीक मळली. या वेळी थोडी सैल मळली, तिला दाबायला जोर लागू नये म्हणून. तिच्या हातात गोळा दिला.

"सुरी धरतेस ना, तसा."